निरोप्याचं आख्यान

गावदेवाच्या कौलात पाकळी डावी, म्हणजे नकाराची, पडली हे पुतळीला शनिवारी दुपारी कळलं, नि तेव्हापासून तिचं बोलणं आटलं. आज रविवार, नव्याच्या जेवणाचा दिवस. नव्या भाताच्या लोंब्या दाराच्या चौकटीला बांधून झाल्या, अंगण सारवून झालं, पहिल्या तांदळाचं पायस चुलीवर रटरटू लागलं, तरी ती गप्पच.

"तोंडात गूळ धरलायस काय?" गणपतीनं सरपण खाली टाकत बायकोला विचारलं.

"गूळ असता तर गिळला असता. हे गिळवत न्हाई."

"देवानंच सांगितल्यावर आपण काय करणार?"

"मी काय म्हटलं? मी काहीच म्हटलं न्हाई."

"तेच तर."

गणपती गणेशगुडीला एका लॉजवर कामाला होता. काळी नदीच्या उसळत्या पाण्यातून पाहुण्यांच्या रबरी होड्या न्यायचा. खडक कुठं नि भोवरा कुठं हे त्याला डोळे मिटून ठाऊक. पण घरात बापाच्या शब्दाविरुद्ध त्यानं कधी वल्हं मारलं नव्हतं, आणि आता तर शब्द बापाचाही नव्हता, गावदेवाचा होता.

पुतळीनं कोनाड्यातल्या देवाच्या तसबिरीमागं बोट घालून बघितलं. फॉर्म तिथंच होता. गुलाबी कागद, कन्नडमध्ये छापलेला. लेक मयूरीनं तो तिला इतक्यांदा वाचून दाखवला होता की आता तिला तो पाठ झाला होता. दसऱ्याच्या सुट्टीआधी जोयड्याहून नेत्रा टीचर आल्या होत्या. आसपासच्या गावांतल्या सातवीच्या पोरांची त्यांनी परीक्षा घेतली, आणि अकरा पोरं निवडली. या पोरांनी उरलेलं वर्ष जोयड्याच्या शाळेत शिकायचं. शाळा सुटल्यावर रोज दोन तास जादा वर्ग. तीन दिवस पुढचं गणित, म्हणजे वरच्या इयत्तेचं. दोन दिवस पोरानं आपल्या मनानं निवडलेला विषय: गाणं, सुतारकाम, बागकाम नाहीतर कंप्युटर. अकरांत मयूरीचं नाव चौथं होतं. फॉर्म सोमवारी सकाळी द्यायचा. सोमवार म्हणजे उद्या.

अडचण एकच होती. वर्ग सुटायचा साडेपाचला, नि गावाकडं येणारी शेवटची बस जोयड्याहून पावणेपाचला सुटायची. मधे नऊ किलोमीटर रान. म्हणजे पोरीनं जोयड्यातच राहायला हवं, काशीआत्तीकडं. काशी गणपतीची थोरली बहीण. तिनं आपणहून निरोप धाडला होता, "माझ्याकडं एक खोली रिकामी हाय, पोर पाठवा." पुतळीला तेव्हा तो निरोप टोचला होता. काशीला दोन मुलगे, मुलगी नाही. नणंदेला आपली पोर आयती हवी, असं तिच्या मनानं घेतलं. सासरे महाबळेश्वर म्हणाले, "थांबा. मी देवाला इचारतो." तेव्हा तिला उलट बरंच वाटलं होतं.

आणि आता देवानं दार लावल्यावर तिला कळलं की त्या दारातून पोर जावी असंच आपल्याला वाटत होतं.

दहाच्या बसनं काशी आली. बरोबर नवरा वासू, खांद्याला मृदंग. जोयड्यात त्याचं चहाचं हॉटेल होतं, पण नव्याच्या दिवशी सासऱ्याच्या कीर्तनाला साथ त्याचीच. पाठोपाठ रामनगरहून धाकटा दीर विनायक मोटरसायकलवरून आला, पुढं फरसाणाचा पुडा बांधून. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून त्याला जगातल्या सगळ्याच गोष्टी दुरुस्त करता येतात असं वाटायचं.

काशीनं पाय धुतले, थेट स्वयंपाकघरात आली नि पदर खोचून कोशिंबिरीला तवसं चिरायला घेतलं. "पोरीचे कपडे भरलेस काय ग पुतळे?"

पुतळीनं सांगितलं. चार शब्दांत सांगून झालं.

काशीचा हात विळीवरच थांबला. मग म्हणाली, "माझीबी डावीच पडली होती."

"तुमची?"

"तीस वर्षं झाली. सातवीत पहिली आले होते मी. हायस्कूलला जोयड्याला जायचं म्हणून चार दिवस रडले. बा देवळात गेले, दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या, इचारलं. डावी पडली. घरी आले नि म्हणाले, काशे, देव नको म्हणतोय. संपलं." तिनं परत तवसं चिरायला घेतलं. "मी देवावर कधी रागावले न्हाई. पण त्या देवळात मी परत कौल लावायला गेले न्हाई कधी."

दाराशी वासू पाणी प्यायला आला होता. तो म्हणाला, "डाव्या पाकळीनं माझं भलं झालं. न्हाईतर ही साहेबीण झाली असती नि माझ्या हॉटेलात गाडी थांबवून म्हणाली असती, ए, एक चहा दे."

"आताबी तसंच म्हणते मी," काशी म्हणाली. पुतळीला हसू आलं. काल दुपारपासून पहिल्यांदा.

वासू गेल्यावर पुतळी हळूच म्हणाली, "वन्सं, खरं सांगू? मला पोर तुमच्याकडं द्यायची नव्हती."

"ठाऊक हाय. शिमग्याला माझ्या पोळीला तू नावं ठेवलीस तवाच ओळखलं."

"पोळी खरंच जाड होती."

"होती. पोर काय पोळी खायला येणार होती काय माझ्याकडं?" काशी तिच्याजवळ सरकली. "देवाला परत इचारता येत न्हाई का?"

"तोच प्रश्न वर्षभर परत इचारायचा न्हाई, असं मामंजी म्हणतात. वर्षानं ती आठवीत जाणार. हा वर्ग सातवीच्या पोरांचा."

दोघी चुलीतल्या जाळाकडं बघत बसल्या. नणंद-भावजय एका बाजूला बसल्याचं त्या घरानं क्वचितच बघितलं होतं.

*

महाबळेश्वरांनी पंगतीत प्रत्येकाच्या पानावर नव्या भाताचा पहिला घास आपल्या हातानं ठेवला. पहिला विळा ज्यानं शेतात घातला त्यानं पहिला घास वाढायचा, ही त्यांच्या घरची रीत. समोरच्या पानाशी आले तेव्हा मान खाली घातली.

त्यांच्या समोरच्या पानावर येसू बसला होता. येसू गावदेवाचा पुजारी. नव्याच्या पंगतीला त्याचं पान ठरलेलं. महाबळेश्वरांनी काल दुपारपासून मनात म्हणून बघितलं होतं, येसूला ताप येवो, येसूला पाहुणे येवोत. येसू ठणठणीत होता, आणि वेळेच्या आधी आला होता.

"मी काय म्हणतो," विनायक पायसाचा भुरका मारत म्हणाला, "गणित कशाला? मोबाईलमधे सगळं गणित असतंय. पोरीनं कंप्युटर घ्यायचा. माझ्या दुकानात…"

"तुझ्या दुकानात माझा फोन दिला होता," वासू म्हणाला. "आता त्याच्यातनं नुसता माझाच आवाज मला ऐकू येतोय."

"निवडायचं कुठं आता?" गणपती खालमानेनं म्हणाला. "पाकळी डावी पडली. विषय संपला."

येसूचा घास हातातच राहिला.

त्यानं मान वर केली. गणपतीकडं बघितलं नाही, पोरीकडं बघितलं नाही, सरळ महाबळेश्वरांकडं बघितलं. महाबळेश्वर पानावरचं मीठ बोटानं गोळा करू लागले. कौल ज्यानं मागितला त्याचा. पुजाऱ्यानं तो बाहेर बोलायचा नाही, ही देवळाची शिस्त. येसूच्या बापानं पाळलेली, येसूनंही पाळलेली.

"भात बाकी झकास झालाय," येसू शेवटी म्हणाला, नि घास तोंडात घातला.

महाबळेश्वरांनी पानातला भात दोनदा कालवला. शनिवारची सकाळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. देवाच्या उजव्या नि डाव्या अंगाला येसूनं ओल्या पाकळ्या चिकटवल्या. महाबळेश्वर हात जोडून म्हणाले, देवा, पोरीला शिकायला जोयड्याला धाडू काय, धाडायची असंल तर उजवी दे. वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, नि उजवी पाकळी घरंगळली. येसू हसून म्हणाला, "देव वाटच बघत बसला होता जणू."

आनंदानं उतरण उतरत ते घराकडं आले. अंगणाजवळ आले नि आतून झांजेचा आवाज आला. मयूरी एकटीच उद्याच्या कीर्तनाची पदं म्हणून बघत होती. ओळीच्या शेवटी महाबळेश्वरांचा दम तुटतो, तिथं ती सूर धरून ठेवायची, ते पुन्हा श्वास घेऊन येईपर्यंत. गेली दोन वर्षं गावात हे कुणालाच कळलं नव्हतं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा आवाज अजून खणखणीत आहे. आवाज त्या पोरीचा होता. ती गेली की एका महिन्यात गावाला कळणार होतं, की महाबळेश्वराचं कीर्तन संपलं. चाळीस वर्षं ज्या देवाच्या नावानं ते उभे राहिले, त्याच्यापुढं उभं राहायचं आता मुक्यानं?

पुतळी दारात आली होती. "काय पडली, मामंजी?"

आणि तोंडातून निघून गेलं, "डावी."

*

जेवणं झाल्यावर पानं उचलायच्या आधी एक रीत उरली होती. नव्याच्या दिवशीचं आख्यान कीर्तनकारानं निवडायचं नाही. माहेरवाशिणीनं मागायचं.

"बोल, काशे," महाबळेश्वर म्हणाले.

"निरोप्याचं."

त्यांनी चमकून लेकीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत दुसरं काही नव्हतं. "दुसरं माग की. ते किती जुनं."

"मला तेच आवडायचं. दहा वर्षांची असल्यापासनं. तुम्ही पागोट्यात हात घालून पत्र शोधायचं सोंग करायचा, नि मी हसून लोळायचे." काशी हसली. "रीत मोडणार काय, बा?"

रीत मोडता येण्यासारखी नव्हती.

तीनला कीर्तन उभं राहायचं होतं. लांबच्या माणसांना बस गाठायची असते, म्हणून नव्याचं कीर्तन उन्हातच होतं. महाबळेश्वर ओसरीत एकटेच चिपळ्यांना दोरा गुंडाळत बसले. एका चिपळीला उभी चीर गेली होती, दोरा बांधला नाही तर आवाज चिरकायचा. मयूरी त्यांच्यासमोर येऊन बसली, नि दोऱ्याचं टोक धरून ठेवलं.

"आज्जा."

"हं."

"देवाला माझा राग आलाय काय?"

"का गे?"

"डावी पडली म्हणून." ती खाली बघून दोरा बोटाला गुंडाळत होती. "मी एक केलं होतं. परीक्षेत शेवटचं गणित मी अंकिताला दाखवलं. ती रडायला आली होती. टीचरांनी बघितलं न्हाई, पण देवानं बघितलं असंल. म्हणून त्यानं नको म्हटलं. मी काल त्याची माफी मागितली. तरी…" ती थांबली. "तरी आता पाकळी पडून गेली न्हवं."

महाबळेश्वरांच्या हातातली चिपळी मांडीवर पडली.

खोटं बोललो, इतकंच त्यांना वाटलं होतं. एक शब्द, घरातल्या घरात. तो शब्द पोरीनं उचलून आपल्या काळजात नेऊन ठेवला असेल, नि तिथं बसून ती देवाला आपल्यावर रागावलेला बघत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आयुष्यभर लोकांना सांगितलं, देव आईसारखा आहे, हाक मारा. आणि घरातल्या एका लेकराला त्या आईनं तोंड फिरवल्याचं सांगून मोकळे झाले.

"देव तुझ्यावर रागावला न्हाई," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी चिपळी उचलून दोऱ्याची गाठ मारली. बाहेर वासूनं मृदंगावर थाप मारली, नि मयूरी झांज घेऊन उठली.

*

अंगणात शेजारपाजारची धरून तीसेक माणसं बसली होती. येसू पुढच्याच ओळीत. मयूरी नेहमीसारखी आजोबांच्या मागं उजव्या हाताला उभी राहिली. इथून तिला त्यांची पाठ दिसायची, नि पाठीवरून दम कळायचा. खांदे वर आले की पुढच्या चार ठोक्यांत सूर सुटणार. ती तयारच असायची. आज खांदे पहिल्या ओळीपासूनच वर होते.

पूर्वरंग कसाबसा झाला. बुक्का लावून झाला, नि महाबळेश्वरांनी आख्यान लावलं.

"एका राजाचा एक निरोप्या होता. राजानं त्याच्या हाती पत्र दिलं. डोंगरावरच्या गडात एक माणूस उगाच कैदेत पडलाय, त्याला सोडून द्या, असं पत्र. निरोप्या चालला. दिवस बुडता बुडता गडाखाली पोचला. नि काय ऐकतो? वरच्या कोठडीतनं गाणं येतंय! असं गाणं, की त्याच्या पायांतलं चालणंच गेलं."

लोक सरसावून बसले. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून तर आवडीची होती.

"निरोप्या म्हणाला, पत्र दिलं की हा सुटणार. सुटला की जाणार. मग मी गाणं कुठनं ऐकू? उद्या देऊ पत्र. एक दिवसानं काय होतंय? नि त्यानं पत्र…" त्यांचा हात सवयीनं पागोट्याकडं गेला. काशी तोंडाला पदर लावून हसली. "पत्र पागोट्यात लपवलं. उद्याचा परवा झाला. कैदी आत गातोय नि देवाला इचारतोय, देवा, माझं काय चुकलं?"

इथं एक पद होतं. त्यांनी उचललं. तिसऱ्या ओळीला खांदे वर आले, नि मयूरीनं मागून सूर धरला. धरून ठेवला. चार ठोके झाले, आठ झाले. आज्जा परत येईनात. तिनं सोळापर्यंत धरला, मग तिचाही दम संपला. वासूचा मृदंग दोन थापा पुढं जाऊन थांबला.

"पाणी आणा," कुणीतरी म्हणालं.

"पाणी नको." महाबळेश्वर वळले. कीर्तनात कधी श्रोत्यांकडं पाठ करायची नाही, पण ते वळले नि नातीकडं बघितलं. "आईकलंत नव्हं? आईकलंत, सूर कुणाचा हाय तो? दोन वर्षं हाच सूर हाय. माझा न्हाई." मग पुन्हा लोकांकडं वळून त्यांनी पागोटं उतरवलं नि हातात घेतलं. "पाकळी उजवी पडली होती."

येसूनं मान खाली घातली.

"देवानं हां म्हटलं. मी घरी येऊन न्हाई सांगितलं. पोर गेली तर माझं कीर्तन जाईल म्हणून. येसू साक्षीला हाय, पण त्याला कुणी बोल लावू नका, त्यानं देवळाची शिस्त राखली. निरोप्या मीच."

पहिल्यांदा गणपती उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बा, देवाचं नाव घेऊन? मी पोरीला समजावलं, देवाची इच्छा म्हणून. माझ्या तोंडानं समजावलं!"

"व्हय."

"काल सबंध दिवस तिनं…" आयुष्यात पहिल्यांदा बापाविरुद्ध उभा राहिला होता, नि उभं राहून पुढं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. पुतळीनं त्याच्या दंडाला धरलं. खाली बसवायला नव्हे. नुसतं धरलं.

मग काशी उठली. हळू, गुडघ्यावर हात टेकून. तिचा आवाज अगदी साधा होता.

"माझी खरंच डावी पडली होती काय, बा?"

वासूनं मृदंगावरचे हात काढून घेतले.

"तुझी डावीच पडली ग," महाबळेश्वर म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "ह्या येसूचा बाप होता तवा. देवाशपथ डावी पडली. मी येताना वाटेत बसून रडलो, नि मग घरी आलो. तुझ्या वेळी त्यानं न्हाई म्हटलं, ते मी पाळलं. नि आता त्यानं हां म्हटलं, तर मला पाळवेना. देव दोन्हीकडनं खरा राहिला. मीच खोटा पडलो."

काशी वळली. सगळ्यांना वाटलं ती आता अंगणाबाहेर जाणार. ती खांबापाशी गेली, खुंटीवरची झांजेची दुसरी जोडी काढली, पदरानं पुसली. लग्नाआधी तीच वाजवायची. येऊन ती बापाच्या डाव्या हाताला उभी राहिली.

"वाटेत रडलात, ते मला कधी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"कसं सांगू?"

"आज सांगितलंत तसं." तिनं झांज एकदा वाजवून बघितली. "आख्यान अर्धं सोडू नये. कैदी अजून आतच हाय. म्हणा पुढं."

महाबळेश्वरांनी पागोटं डोक्यावर घातलं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. उजव्या बाजूनं मयूरीनं सूर दिला, डाव्या बाजूनं काशीनं, तीस वर्षांचा गंज लागलेला, थोडा खाली लागलेला. त्या दोन सुरांच्या मधे म्हाताऱ्यानं आपला घातला. येसूनं टाळी धरली. मग अंगणानं धरली. निरोप्या गड चढला, कैद्याच्या पायांवर पडला, नि गोष्टीतला कैदी त्याला दर वर्षी जे म्हणतो ते यंदाही म्हणाला: अरे, बाहेर आलो म्हणून काय गाणं थांबतंय? तू चल बरोबर.

*

आरतीनंतर पुतळीनं फॉर्म आणला. पाटावर ठेवला, वर पेन ठेवलं.

"शनिवारी दुपारच्या बसनं पोर घरी पाहिजे," ती काशीला म्हणाली.

"व्हय."

"डोक्याला तेल रोज. नि पोळी…"

"पोळी तीच करील. मला शिकवील," काशी म्हणाली. "आयतवारी मीबी येईन. पोर नसंल तवाबी बांना मागं एक जण लागतंय. सूर गेलाय माझा, पण येईल परत."

महाबळेश्वर पाटासमोर बसले. गणपती अजून त्यांच्याशी बोलत नव्हता. पण चष्मा कुठं आहे ते त्यालाच ठाऊक होतं, नि त्यानं तो आणून बापाच्या पुढ्यात ठेवला.

"मयूरे, हिकडं ये." त्यांनी पोरीला जवळ घेतलं. "अंकिताला गणित दाखवलंस, ते टीचरांना सांग. रागावल्या तर रागावू दे. पण देव तुझ्यावर रागावला नव्हता. वाक्य संपायच्या आत त्यानं पाकळी टाकली, एवढी त्याला घाई. समजलं?"

तिनं मान हलवली, नि मग त्यांच्या खांद्यात तोंड लपवून रडली. कालपासून धरून ठेवलेलं. कुणी तिला गप्प केलं नाही.

"आता विषय," जरा वेळानं ते म्हणाले. "गाणंच लिहू नव्हं?"

"कंप्युटर," विनायक मागून म्हणाला.

मयूरीनं नाक पुसलं. "सुतारकाम."

"सुतारकाम?" महाबळेश्वरांनी चष्म्यावरून बघितलं. "गाणं न्हाई?"

"गाणं मला येतंय की. तुम्ही शिकवलंय." तिनं ओसरीतल्या चिपळ्यांकडं बोट दाखवलं. "दोरा किती दिवस बांधायचा?"

वासू पुटपुटला, "हॉटेलचं एक बाकबी डुगडुगतंय म्हणा." पुतळीनं आपल्या हातानं रकान्यात खूण केली. गणपतीनं सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती, तिथं महाबळेश्वरांनी आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर थांबून.

सोमवारी सकाळी सातच्या बसला ते पोरीबरोबर स्वतः निघाले. फॉर्म आपणच टीचरांच्या हातात देणार, हे त्यांनी रात्रीच सांगून टाकलं होतं. रस्त्यावर धुकं होतं. पुतळी नि गणपती पोहोचवायला आले होते. बस दिसली तशी गडबड झाली. एका हातात पोरीची कपड्यांची पेटी, दुसऱ्यात काठी. काठीच्याच हातात धरलेला घडीचा गुलाबी कागद महाबळेश्वरांनी सवयीनं पागोट्याकडं नेला.

"आज्जा," मयूरी म्हणाली. "पागोट्यात नको. हातात धरा."

गणपती हसला. बापाच्या हातातली पेटी त्यानं काढून घेतली नि वर चढवली. महाबळेश्वरांनी काठी काखेत मारली, नि जोयडा येईपर्यंत तो कागद दोन्ही हातांत धरून बसले.